संघ बांधणाऱ्याची पारख

जितेश शर्माची किंमत लिलावात तीनदा ठरली. अमरावतीच्या या यष्टिरक्षकाला २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने १० लाखांना घेतलं आणि दोन हंगाम बाकावर बसवलं. एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. २०२२ मध्ये पंजाब किंग्जने २० लाख दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ च्या रात्री लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना, त्या दिवशी कर्णधारपदही सांभाळणाऱ्या जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या. आठवडाभरात बंगळूरुने, अठराव्या हंगामात प्रथमच, आयपीएल जिंकली.

अशा वेळी निष्कर्ष ठरलेला असतो: मुंबईवाल्यांना माणूस ओळखता आला नाही, बंगळूरुवाल्यांना आला. पण २०१६-१७ मध्ये मुंबईकडे पार्थिव पटेल आणि जोस बटलर हे यष्टिरक्षक होते, आणि २०१७ ची आयपीएल मुंबईनेच जिंकली. मग नेमकं चुकलं कोण? मैदानावर न उतरता संघ बांधणारा माणूस किती चांगला, हे कशावरून ठरवायचं?

या प्रश्नाचा सर्वांत जास्त कीस अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत पडला आहे. बास्केटबॉल वऱ्हाडाला परका नाही. १९१४ साली उभ्या राहिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तो शिकवलाही जातो. परका आहे तो तिथला जनरल मॅनेजर.

कामाचं स्वरूप

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येकाकडे साधारण १५ खेळाडू, आणि पगारावर खर्च करायच्या रकमेला मर्यादा. नवे खेळाडू दरवर्षी ‘ड्राफ्ट’मधून येतात. तिथे बोली लागत नाही, पाळी लागते; आदल्या हंगामात ज्याची कामगिरी वाईट, त्याला वरची पाळी मिळण्याची शक्यता जास्त, आणि अगदी वरच्या पाळ्यांसाठी सोडत. बाकी सारा व्यवहार अदलाबदलीचा. तुमचे दोन खेळाडू द्या, आमचा एक घ्या, वर पुढच्या पाच वर्षांतली एखादी ड्राफ्टची पाळी द्या. हे सगळं जनरल मॅनेजर ठरवतो. पदाचं नाव संघागणिक बदलतं, काम तेच.

आपल्या क्रिकेटमध्ये हेच काम विभागलेलं असतं. रणजी संघ निवड समिती, कर्णधार, प्रशिक्षक आणि संघटनेचे पदाधिकारी मिळून घडवतात. आयपीएल संघात क्रिकेट संचालक असतो, पण लिलावाच्या टेबलावर मालकही बसलेले असतात. त्यामुळे आपल्याकडे बोट कुणाकडे दाखवायचं, इथूनच अडचण सुरू होते. एनबीएत निदान बोट दाखवायला एक माणूस आहे. तिथे १९७२-७३ पासून वर्षातला सर्वोत्तम संघ-व्यवस्थापक निवडला जातो. आज हे मतदान इतर संघांचे वरिष्ठ अधिकारीच करतात, म्हणजे ज्यांना काम आतून माहीत आहे ते. त्यांचाही अंदाज कसा फसतो, ते पुढे येईलच.

एक पक्ष: निकाल पाहा

पहिली भूमिका सरळ आहे. किती सामने जिंकले, विजेतेपद आलं की नाही, एवढं बघा. मालक पगार त्यासाठीच देतो आणि प्रेक्षक तिकीट त्यासाठीच काढतो.

या पक्षाचं बळ असं की इथे सबबी चालत नाहीत. अडचण अशी की श्रेय वाटताना घोळ होतो. डेन्व्हरने २०२३ मध्ये विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो संघ मुख्यतः ज्याने जमवला तो टिम कॉनेली वर्षभरापूर्वीच मिनेसोटाला गेला होता आणि खुर्चीवर कॅल्विन बूथ होता. चषक बूथच्या कारकिर्दीत नोंदला गेला. दोन वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, बूथचीही नोकरी गेली.

विदर्भात याच वादाचं घरगुती रूप आहे. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक उचलला आणि पुढच्याच वर्षी राखला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. त्याआधी २०१५-१६ मध्ये त्यांनी मुंबईला आणि नंतर २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशला विजेतेपद मिळवून दिलं. तीन वेगवेगळ्या संघांबरोबर हेच घडलं, तर योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पण विदर्भाने २०२४-२५ चा करंडक जिंकला, तो उस्मान घनी प्रशिक्षक असताना. आणि २०१८-१९ मध्ये चाळिशीतल्या वसीम जाफरने हंगामात १०३७ धावा काढल्या, हे श्रेय पंडितांचं, जाफरला आणणाऱ्यांचं की जाफरचं? फैज फजलचं नेतृत्व, नागपूरची अकादमी, प्रशांत वैद्य यांच्यासारख्या माजी खेळाडूंनी संघटनेत राहून केलेलं काम, या सगळ्यांची नावं घेतली जातात आणि सगळीच बरोबर वाटतात.

त्यात नशीब. १२ मे २०१९ ला टोरंटो आणि फिलाडेल्फिया यांच्यातल्या सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी क्वाय लेनर्डने चेंडू फेकला. तो रिंगच्या कडेवर चार वेळा उडाला आणि आत पडला. टोरंटो ९२-९० ने जिंकला आणि पुढे विजेताही झाला. चाहत्यांच्या लाडक्या डिमार डरोझनला देऊन लेनर्डला आणण्याचा टोरंटोच्या मसाई उजिरीचा निर्णय त्यामुळे ऐतिहासिक ठरला. तोच चेंडू चौथ्या टप्प्यानंतर बाहेर पडला असता तर उजिरीचा निर्णय तोच राहिला असता, शहाणपणही तेवढंच; लेख मात्र वेगळे लिहिले गेले असते.

दुसरा पक्ष: निर्णयाच्या दिवशी काय दिसत होतं?

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, निकाल बाजूला ठेवा. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग झाडावरच बोलीने घेणारा व्यापारी असतो. फळ हिरवं असताना तो झाडं, पाणी, बहार पाहून आकडा सांगतो. पुढे गारपीट झाली म्हणून त्याची नजर कच्ची ठरत नाही, आणि भाव अचानक चढला म्हणून पक्कीही ठरत नाही.

बास्केटबॉलमधलं याचं जुनं उदाहरण १९८४ चं. पोर्टलंडची दुसरी पाळी होती. स्टू इनमन यांनी उंच सॅम बोवीला घेतलं. तिसऱ्या पाळीला शिकागोने मायकेल जॉर्डनला उचललं. गेली चाळीस वर्षं हा निर्णय हसण्यावारी नेला जातो. पण पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षीच आला होता आणि संघाला उंच माणसाची गरज होती. मुंबईकडे बटलर-पार्थिव असताना जितेश बाकावर राहिला, तसंच काहीसं. शिवाय हेच इनमन १९७७ चं विजेतेपद मिळवणाऱ्या पोर्टलंडच्या उभारणीतले महत्त्वाचे माणूस होते. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही बचाव पुरता टिकत नाही. बोवीच्या पायाला कॉलेजमध्येच गंभीर दुखापती झाल्या होत्या आणि त्या सर्वांना माहीत होत्या. म्हणजे निर्णयाच्या दिवशी दिसणाऱ्या गोष्टींवरूनही शंका घेता येत होती.

या पक्षाची सर्वांत टोकाची परीक्षा फिलाडेल्फियात झाली. २०१३ मध्ये आलेल्या सॅम हिंकीने उघड हिशेब मांडला: मधल्या क्रमांकावर कुजत राहण्यापेक्षा काही वर्षं हरू, वरच्या पाळ्या मिळवू, त्यातून एखादा असामान्य खेळाडू हाती लागेल. संघ हरलाही तसाच. पहिल्या वर्षी ८२ पैकी १९ विजय, मग १८, मग १०. एप्रिल २०१६ मध्ये हिंकीने तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्याने २०१४ मध्ये, दुखापत असताना, तिसऱ्या पाळीला घेतलेला जोएल एम्बीड पहिले दोन हंगाम मैदानात उतरलाच नाही. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. फिलाडेल्फिया मात्र एम्बीडला घेऊन प्ले-ऑफची दुसरी फेरी ओलांडू शकला नाही.

हिंकी बरोबर होता का? समर्थक म्हणतात, असामान्य खेळाडू मिळाला, बाकी पुढच्यांनी घालवलं. विरोधक म्हणतात, ‘पद्धत बरोबर होती’ हे वाक्य कधीच खोटं ठरवता येत नसेल तर त्याला अर्थ काय? दोघांचं म्हणणं खोडून काढण्याइतका पुरावा आजही कुणाजवळ नाही. एकच हिंकी झाला, एकदाच झाला, आणि त्याला काम पुरं करू दिलं गेलं नाही.

तिसरा पक्ष: सरासरीशी ताडून पाहा

अर्थशास्त्रज्ञांनी तिसरी वाट काढली. एखाद्या पाळीला साधारण कोणत्या दर्जाचा खेळाडू मिळतो, हे जुन्या नोंदींवरून काढायचं आणि या व्यवस्थापकाने त्याहून बरं केलं की वाईट, ते मोजायचं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरची पाळी मिळवण्यासाठी संघ अवाच्या सवा किंमत मोजतात. आणि एकाच जागेच्या लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी घेतलेला सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त असते. थोडक्यात, ज्यांना आपण पारखी म्हणतो त्यांच्यातला फरक वाटतो त्याहून बराच कमी असावा.

हे मोजमाप नि:पक्ष आहे, पण एका माणसावर लावायला गेलं की तोकडं पडतं. पाच-सहा वर्षांच्या कारकिर्दीत एखाद्याच्या वाट्याला पहिल्या फेरीच्या जेमतेम सहा-सात निवडी येतात. एवढ्या नमुन्यावर कौशल्य आणि दैव वेगळं काढणं अवघड. डेन्व्हरने २०१४ मध्ये निकोला योकिचला ४१ व्या पाळीला घेतलं. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला. हिशेबात ही निवड एकटीच कॉनेलीचं पारडं जमिनीला टेकवते. पण डेन्व्हरला योकिच काय चीज आहे हे खरंच ठाऊक असतं, तर ४१ व्या पाळीपर्यंत थांबण्याचा जुगार ते खेळले नसते. त्याच रात्री, योकिचच्या बरेच आधी, त्यांनी त्याच्याच जागेचा युसुफ नुर्किच पदरात पाडून घेतला होता.

पंजाब किंग्जचंही असंच. डिसेंबर २०२३ च्या लिलावात २० लाखांना शशांक सिंगला घेतल्यावर त्यांच्या टेबलावर गोंधळ उडालेला सर्वांनी पाहिला. सारख्या नावामुळे गडबड झाली, हवा होता तोच खेळाडू मिळाला, असा खुलासा संघाने नंतर केला. शशांकने २०२४ मध्ये ३५४ धावा काढल्या. आता ही पारख म्हणायची का?

चुकीनंतरचं वागणं

इथे चर्चेला एक वेगळं वळण मिळतं, आणि प्रस्तुत लेखकाला तेच सर्वांत उपयोगी वाटतं. निवड कशी केली याऐवजी, निवड केल्यावर काय केलं ते पाहायचं.

बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये एनबीएतल्या, १९८० ते १९८६ मध्ये ड्राफ्ट झालेल्या खेळाडूंचा अभ्यास मांडला. वरच्या पाळीला घेतलेल्या खेळाडूंना, कामगिरी तेवढीच असली तरी, मैदानावर जास्त वेळ मिळत होता आणि संघही त्यांना जास्त काळ धरून ठेवत होते. पैसा आणि अब्रू गुंतली की हात सुटत नाही. कॅमेरर आणि वेबर यांनी १९९९ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली. परिणाम आधी वाटला त्याहून बराच कमी निघाला, पण उरला.

या कसोटीवर डेन्व्हरची कथा उजळते. योकिच सरस ठरतोय हे दिसताच कॉनेलीने फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किचला पोर्टलंडला देऊन टाकलं, वर पहिल्या फेरीची एक पाळीही दिली. सोळाव्या पाळीच्या आपल्याच माणसाला बाजूला करून ४१ व्याला जागा करून देणं, हे ड्राफ्टच्या रात्रीपेक्षा मोठं काम होतं. पंजाबनेही शशांकला साडेपाच कोटींना राखलं. त्याच वेळी त्यांनी जितेशला मोकळं केलं, आणि ३ जून २०२५ च्या अंतिम सामन्यात दोघे समोरासमोर आले: जितेशच्या १० चेंडूंत २४, शशांकच्या ३० चेंडूंत नाबाद ६१. बंगळूरु सहा धावांनी जिंकलं. पंजाबचा निर्णय चुकला की बरोबर आला, हे त्या सहा धावा सांगू शकत नाहीत.

सॅक्रामेंटोचा खटला

या सगळ्या कसोट्या एकाच वेळी लावून बघण्यासारखा संघ म्हणजे सॅक्रामेंटो किंग्ज. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ मध्ये त्याचे प्रमुख मालक झाले. एनबीए संघाची बहुतांश मालकी मिळवणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचे. दोन्ही पेसर्सने जिंकले, पहिला जादा वेळेत एका गुणाने. त्या मैदानावर किंग्जकडून बडी हील्ड आणि पेसर्सकडून डोमांटास साबोनिस होते. दोघांची नावं लक्षात ठेवावीत.

२०१८ मध्ये किंग्जची दुसरी पाळी होती. जनरल मॅनेजर व्लादे दिवाच यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. लूका डॉन्चिच पुढच्या पाळीला गेला आणि डॅलसमध्ये महान झाला. दिवाच मूळ सर्बियाचे, युरोपीय बास्केटबॉल त्यांच्या नसानसांत. त्यांनीच जवळच्या स्लोव्हेनियाचा पोरगा सोडावा, हे चाहत्यांना अजून पचलेलं नाही. २०२० मध्ये दिवाच गेले, मॉन्टी मॅकनेअर आले. त्यांनी पहिल्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या पाळीला टायरीस हॅलिबर्टन मिळवला. बाराव्याला असा मोहरा म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या हिशेबात घसघशीत नफा.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच हॅलिबर्टनला, हील्डसह, इंडियानाला देऊन त्यांनी साबोनिस आणला. टीका भरपूर झाली. पण पुढच्या हंगामात किंग्जने ४८ सामने जिंकले आणि सोळा हंगामांनी प्ले-ऑफ गाठला. मॅकनेअर त्या वर्षीचे सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले; ज्यांनी मतं दिली ते सगळे याच धंद्यातले. दोन वर्षांनी चित्र उलटं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढलं, फेब्रुवारीत डीएरन फॉक्सला देऊन टाकलं, आणि १६ एप्रिल २०२५ ला डॅलसकडून हरल्यावर मॅकनेअर यांनाही निरोप मिळाला. दोन महिन्यांनी हॅलिबर्टनचा इंडियाना लीगच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढत होता.

एकच अदलाबदल २०२२ मध्ये वेडेपणा होती, २०२३ मध्ये पारितोषिकपात्र होती आणि २०२५ मध्ये पुन्हा घोडचूक. शिवाय रणदिवे यांच्या काळात जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक सतत बदलत राहिले आहेत. खुर्ची किती दिवस टिकेल याची खात्री नसलेला माणूस पाच वर्षांनी पिकणारा निर्णय घेईल का, हा प्रश्न मॅकनेअर यांच्यापेक्षा मालकाला विचारायचा आहे.

किती थांबायचं?

मुदतीचा प्रश्न सुटलेला नाही. सॅम प्रेस्टी २००७ मध्ये, आज ओक्लाहोमा सिटीला असलेला संघ सिॲटलमध्ये असताना, आला. ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन असे तिघे लागोपाठ तीन वर्षांत ड्राफ्ट केले. २०१२ मध्ये अंतिम फेरी हरला आणि त्याच वर्षी हार्डनला गमावलं. २०१९ मध्ये लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला तो प्रेस्टीच्या संघातल्या पॉल जॉर्जलाही आणण्याची अट घालून, आणि त्या गरजेचा फायदा घेत प्रेस्टीने जॉर्जच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या पाच पाळ्या वसूल केल्या. विजेतेपद आलं जून २०२५ मध्ये, अठरा वर्षांनी. दहाव्या वर्षी त्याला काढलं असतं, तर आज त्याचं नाव हार्डन घालवणारा म्हणून घेतलं गेलं असतं.

उलट डॅलसच्या निको हॅरिसनला डॉन्चिचला अदलाबदलीत देऊन टाकल्यावर नऊ-दहा महिनेच मिळाले. मधल्या काळात १.८ टक्के शक्यता असलेली सोडत लागून डॅलसला ड्राफ्टची पहिली पाळी आणि त्यातून कूपर फ्लॅग मिळाला. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनची खुर्ची गेली.

वऱ्हाडातून पाहताना

विदर्भाच्या निवडकर्त्यांना यातली कुठली कसोटी लावता येईल? काही निर्णय उठून दिसतात. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यासाठी उमेश यादव नव्हता, तेव्हा अकोल्याच्या आदित्य ठाकरेला प्रथम श्रेणीतलं पदार्पण थेट तिथेच दिलं गेलं, वय एकोणीस. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला, आणि ठाकरेला खेळवण्याचं धाडस मथळ्यांत मागे पडलं. अकोल्याचाच अथर्व तायडे गेली काही वर्षं सलामीला उभा आहे. करुण नायरला कर्नाटकातून आणलं, त्याने २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा केल्या आणि त्याचा कसोटी संघाचा दरवाजा पुन्हा उघडला. पुढच्या हंगामात तो कर्नाटकात परतला. त्याने अडवलेली जागा एखाद्या स्थानिक पोराची होती, असं म्हणणारेही आहेत. पण त्याच संघात दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या आणि हर्ष दुबेने हंगामात विक्रमी ६९ बळी घेतले, त्यामुळे तो आक्षेप तितकासा जोर धरत नाही.

खरी अडचण नोंदींची आहे. एनबीएत कुणी, कोणत्या पाळीला, कुणाला सोडून कुणाला घेतलं, याची १९८४ चीही यादी कुणालाही चाळता येते. इनमन यांच्यावर अन्याय झाला, असं म्हणायलाही ती यादी लागते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत अकरा जिल्हे आहेत. वयोगटाच्या चाचण्यांसाठी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिमची पोरं किट खांद्याला लावून नागपूर गाठतात. संघ जाहीर होतो तेव्हा पंधरा-सोळा नावं छापून येतात. सतराव्या नावाचं काय झालं, ते का राहिलं, पुढे कुठे खेळलं की दुकानावर बसलं, हे कुठे लिहिलेलं नसतं.

जितेशच्या बाबतीत मुंबई, पंजाब आणि बंगळूरु या तिघांवर इतकं बोलता येतं, कारण तिघांचे आकडे लिलावाच्या कागदावर आहेत. त्याच्या बरोबरीने अमरावतीहून नागपूरच्या चाचणीला गेलेल्या पोरांबद्दल असं काहीच बोलता येत नाही.